सांधा नवा, स्नायू जुने

ऑक्टोबर 2000 मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात दाखल झाले आणि गुडघेबदलाचा विषय मराठी घरांत चहाच्या टेबलावर आला. तोवर ही शस्त्रक्रिया म्हणजे कुणाच्या तरी अमेरिकेतल्या काकांची गोष्ट होती. पंचाहत्तरीचे पंतप्रधान, डावा गुडघा, ऑपरेशनसाठी न्यूयॉर्कहून आलेले डॉ. चित्तरंजन राणावत. पुढच्या जूनमध्ये तिथेच उजवा गुडघाही झाला आणि त्यानंतर पाचेक आठवड्यांत वाजपेयी आग्र्याला पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष मुशर्रफ यांच्याशी वाटाघाटींना बसले होते. एवढी जाहिरात कुठल्याही इम्प्लांट कंपनीला पैसे मोजून करता आली नसती.

त्या बातम्यांत एक गोष्ट मात्र फारशी आली नाही. राणावत हे नुसते नावाजलेले सर्जन नव्हते. इंदूरला वैद्यकीय शिक्षण घेऊन न्यूयॉर्कच्या 'हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरी'त गेलेल्या या माणसाने जॉन इन्सॉल आणि अभियंता पीटर वॉकर यांच्याबरोबर 1974 मध्ये 'टोटल कॉन्डायलर' नावाचा गुडघा बनवला होता. मांडीच्या हाडाच्या टोकावर कोबाल्ट-क्रोमची टोपी, नडगीच्या हाडाच्या माथ्यावर पॉलिएथिलीनचा गुळगुळीत तुकडा, दोन्ही हाडाला चिकटवायला सिमेंट. त्याआधीचे बरेच कृत्रिम गुडघे बिजागरीसारखे एकाच आसावर उघडझाप करत. खरा गुडघा वाकताना घरंगळतो, घसरतो आणि थोडा वळतोही, त्यामुळे बिजागरीचा सगळा ताण हाडात रोवलेल्या दांड्यावर यायचा आणि दांडा सैल व्हायचा. टोटल कॉन्डायलरमध्ये दोन्ही भाग एकमेकांना जोडलेलेच नव्हते. त्यांना जागेवर धरून ठेवायचं काम गुडघ्याच्या दोन बाजूंच्या अस्थिबंधांवर, म्हणजे रुग्णाच्या स्वतःच्या लिगामेंटवर सोपवलं होतं. आज जगभर बसवले जाणारे बहुतेक गुडघे याच साच्याचे वंशज आहेत.

म्हणजे आधुनिक गुडघेबदलाचा जन्मच धातूवरचा भार काढून मांसावर टाकण्यातून झाला. आज पुणे, नाशिक, कोल्हापूर कुठेही जा, चौकातल्या फलकावर नेमकं उलटं दिसतं. सोनेरी चमकणारा गुडघा, रोबोटचा पांढराशुभ्र हात, 'दुसऱ्या दिवशी जिना चढा'. लिगामेंटचं छायाचित्र कोण लावणार! पण पन्नासेक वर्षांचे निकाल पाहिले तर सांधेबदलाचं यश कोणता धातू, कोणतं यंत्र यापेक्षा तीन कमी चकचकीत गोष्टींवर ठरलेलं दिसतं: ऑपरेशन कोणाचं करायचं, सांध्याभोवतीच्या मऊ भागाचं काय करायचं, आणि नंतर हिशेब कोण ठेवतो.

ऑपरेशन थिएटरात काय चालतं ते आधी पाहू. बहुधा कमरेतून भूल दिलेली असते. रुग्ण पडद्याआड डुलकी घेत असतो किंवा जागाही असतो; हातोडीचे ठोके त्याला ऐकू येतात. गुडघा वाकवून पुढून उभा छेद घेतात, वाटी बाजूला सारतात. मांडीच्या हाडाच्या पोकळीत एक लांब सळई जाते, तिच्यावर मापाचा साचा बसतो आणि साच्याच्या फटीतून विजेची करवत हाडाच्या टोकाचा जेमतेम नऊ-दहा मिलिमीटरचा काप काढते. करवत तापू नये म्हणून पाणी सोडत राहावं लागतं. मग नडगीच्या हाडाचा माथा, मग मांडीच्या टोकाचे पुढचे, मागचे आणि तिरपे काप. 'गुडघा बदलला' म्हणजे गुडघा काढून टाकला अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात झिजलेले पृष्ठभाग तेवढे खरवडून त्यांच्यावर नवं आवरण चढवलेलं असतं. वाटी तर अनेक सर्जन आहे तशीच ठेवतात.

इथवर मापाचं काम. कस लागतो तो पुढे. काप झाल्यावर दोन हाडांमध्ये जी पोकळी राहते ती पाय सरळ असताना आणि काटकोनात वाकवला असताना सारखीच भरायला हवी, आणि दोन्ही वेळा आतल्या-बाहेरच्या बाजूंना ताणही सारखा हवा. आपल्याकडचे गुडघे ऑपरेशनला येतात ते बहुतेक धनुष्यासारखे बाहेर वाकलेले. वर्षानुवर्षं आतली बाजू झिजून तिथलं लिगामेंट आखडलेलं, बाहेरचं सैल पडलेलं. सर्जन आधी कडेने वाढलेली हाडाची टोकं खुडतो, मग आतल्या बाजूचे तंतू थोडे-थोडे सोडवत जातो. दर वेळी मापाचा ठोकळा घालायचा, पाय सरळ करायचा, हाताने दोन्हीकडे दाबून पाहायचं. कमी सोडवलं तर गुडघा आखडतो, जास्त सोडवलं तर पाऊल टाकताना लचकतो, आणि सोडवलेलं परत बांधता येत नाही. शेवटी सिमेंट: भुकटी आणि उग्र वासाचा द्रव कालवून केलेली लगदी. मूळची दातांच्या डॉक्टरांची ही वस्तू जॉन चार्नली यांनी इंग्लंडमध्ये खुब्याच्या सांध्यासाठी रुळवली. हाडाला लगदी लावली, भाग ठोकून बसवले की दहाएक मिनिटं पाय ताणून धरून सगळे उभे राहतात. सिमेंट तापतं, मग दगडासारखं घट्ट होतं. एरवी धावपळीच्या त्या खोलीत ही दहा मिनिटं कोणाला काही करता येत नाही.

रोबोट यातलं काय करतो? सीटी स्कॅनवरून किंवा हाडावर टेकवलेल्या खुणांवरून गुडघ्याचा नकाशा बनवतो, कापांची आखणी दाखवतो, आणि काही यंत्रांत करवत आखलेल्या हद्दीबाहेर जाऊ लागली की तिला अडवतो. तो स्वतः ऑपरेशन करत नाही. काप आखणीबरहुकूम येतात, मोठ्या चुका कमी होतात, हे मान्यच. पण वर्षभरानंतर रुग्णाला दुखतं किती आणि चालता येतं किती, या मोजमापात साध्या उपकरणांनी केलेल्या चांगल्या ऑपरेशनपेक्षा ठळक आणि सातत्याचा फरक दिसलेला नाही. आणि मुळात पाय किती सरळ करायचा, हाच प्रश्न आता खुला झाला आहे. खुबा, गुडघा आणि घोटा एका रेषेत आले पाहिजेत हा अनेक दशकांचा नियम. 2010 मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकने पंधरा वर्षं जुन्या गुडघ्यांचा हिशेब मांडला, तर रेषेत आलेले गुडघे रेषेबाहेरच्यांपेक्षा जास्त टिकले असं निघालं नाही. 2012 मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी निरोगी तरुणांचे पाय मोजले, तेव्हा 32 टक्के मुलग्यांचे आणि 17 टक्के मुलींचे पाय मुळातच तीन अंश किंवा अधिक धनुष्याकृती निघाले. अशा माणसाचा पाय साठीत एकदम दोरीसारखा सरळ केला तर त्याची लिगामेंट ते सुखाने मान्य करतील का? मतं दुभंगलेली आहेत. यंत्र आखणी पाळतं. आखणी कोणती करायची हे अजून माणसांचंच ठरायचं आहे.

टिकाऊपणाचं म्हणाल तर चिंता करावी अशी गोष्ट नाही. ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या सांधेबदलाच्या नोंदवह्यांवरून 2019 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेला आकडा असा: संपूर्ण बदललेले 82 टक्के गुडघे 25 वर्षांनीही शाबूत होते. एकाच बाजूचा भाग बदललेल्या अर्ध्या गुडघ्यांत हे प्रमाण 70 टक्के. वयाचा हिशेब याहून बोलका आहे. ब्रिटनमधल्या 2017 च्या अभ्यासानुसार सत्तरीनंतर गुडघा बदलला तर आयुष्यात तो पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आसपास. पन्नाशीच्या सुरुवातीला बदललेल्या पुरुषांत ती 35 टक्क्यांपर्यंत. पन्नाशीतला माणूस जास्त वर्षं जगतो, जास्त चालतो, सांध्याकडून जास्त मागतो. 'आताच करून टाका, तरुणपणी भरून येतं' असं कोणी सांगितलं तर हे दोन आकडे विचारात घ्यावेत. दुसऱ्यांदा सांधा बदलणं हे पहिल्यासारखं नसतं. हाड कमी उरलेलं असतं, दांडे लांब लागतात, खर्च वाढतो आणि निकाल उतरतो.

गुडघा टिकणं आणि गुडघ्याचा मालक समाधानी असणं मात्र वेगळं. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या, 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गुडघा बदललेल्यांपैकी 19 टक्के लोक असमाधानी होते. पाचात एक! एक्स-रे उत्तम, टाके भरलेले, सर्जन खूश, आणि माणूस म्हणतो, 'हवं तसं झालं नाही.' त्या पाहणीत याचं सर्वांत मोठं कारण होतं न पुरलेली अपेक्षा. आपल्याकडे अपेक्षा म्हणजे काय, ते सांगायला नको. पाटावर मांडी घालून बसणं, देवघरापुढे टेकणं, शेतात उकिडवं बसून खुरपणं, गावच्या संडासात बसून उठणं. उकिडवं बसायला गुडघा साधारण 130 अंशांच्या पुढे वाकावा लागतो. बदललेला गुडघा बहुतेकांचा 110 ते 120 वर थांबतो. या गरजेतूनच पुण्याचे डॉ. कांतिलाल संचेती यांनी भारतीय बैठकीचा विचार करून 'इंडस' हा गुडघा विकसित केला, आणि परदेशी कंपन्यांनीही जास्त वाकणारे नमुने बाजारात आणले. पण अशा जास्त वाकणाऱ्या आणि नेहमीच्या नमुन्यांची तुलना करणाऱ्या चाचण्यांत सरासरीचा फरक फारसा निघाला नाही. ऑपरेशननंतर गुडघा किती वाकेल याचा सर्वांत भरवशाचा अंदाज ऑपरेशनआधी तो किती वाकत होता यावरूनच येतो. दहा वर्षं आखडलेल्या मांडीच्या स्नायूला इम्प्लांटच्या डब्यावर काय छापलंय ते वाचता येत नाही.

म्हणून पहिला प्रश्न: ऑपरेशन हवंच का? डेन्मार्कमध्ये 100 रुग्णांवर झालेली आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी मला या बाबतीत फार प्रामाणिक वाटते. निम्म्यांना गुडघेबदल आणि नंतर व्यायाम, आहार, वजनाचं मार्गदर्शन. निम्म्यांना ऑपरेशन सोडून बाकी सगळं. वर्षभराने वेदना आणि हालचालींच्या शंभर गुणांच्या मोजपट्टीवर ऑपरेशनवाल्यांची सुधारणा 32 गुणांची, नुसत्या व्यायामवाल्यांची 16 ची. ऑपरेशन जिंकलं, दुपटीने जिंकलं. पण गंभीर दुष्परिणाम ऑपरेशनच्या गटात 24, दुसऱ्या गटात 6. आणि व्यायामाच्या गटातल्या सुमारे पाऊण जणांनी वर्षभरात ऑपरेशन मागितलंच नाही. 'दोन्ही गुडघे संपलेत' असं एक्स-रे दिव्याला लावून सांगितलं जातं तेव्हा हे आठवावं. एक्स-रेतली झीज आणि माणसाचं दुखणं यांचं गणित नेहमी जुळत नाही. थोडी झीज आणि खूप दुखणं असलेला माणूस टेबलावर घेतला, तर असमाधानी पाचव्या हिश्श्यात तोच निघायची भीती जास्त. वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने उतरतो. हे कोणत्याही फलकावर नसतं, कारण त्यात विकण्यासारखं काही नाही. उलट रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, दूध आणायला कोपऱ्यावर जाणंही बंद, पाय उघड वाकडा, औषध-व्यायाम सगळं करून झालेलं, अशी माणसं 'म्हातारपण आहे, चालायचंच' म्हणत पाच-पाच वर्षं काढतात. त्यांना या शस्त्रक्रियेइतकं देणारं दुसरं काही नाही.

आता खांद्याकडे. त्याची गोष्ट गुडघ्याहून जुनी नसली तरी विचित्र आहे. बर्लिनचे टेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी 1890 मध्ये हस्तिदंती गुडघा बसवला. तीनच वर्षांनी पॅरिसमध्ये ज्यूल पेआं यांनी एका पावभट्टीवाल्याचा क्षयाने सडलेला खांदा काढला. तो 37 वर्षांचा माणूस हात कापून घ्यायला तयार नव्हता. पेआंनी एका दंतवैद्याकडून प्लॅटिनमचा दांडा आणि पॅराफिनमध्ये उकळून कडक केलेल्या रबराचा गोळा करवून घेतला. हात दोनेक वर्षं चालला, मग जंतुसंसर्गामुळे सांधा काढावा लागला. क्षयाने पोखरलेल्या सांध्यात परकी वस्तू टिकत नाही, हा धडा दोघांनाही एकाच प्रकारे मिळाला. पेआंचा खांदा आज अमेरिकेत स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे.

खांद्याची खोबण उथळ. बशीत लिंबू ठेवावं तसा दंडाच्या हाडाचा गोळा तिच्यावर टेकलेला असतो, आणि त्याला चहूबाजूंनी आत ओढून धरणारे चार छोटे स्नायू, म्हणजे रोटेटर कफ, हेच त्याचं खरं कुंपण. न्यूयॉर्कचे चार्ल्स नीर यांनी 1950 च्या दशकात चुरा झालेल्या दंडाच्या माथ्यावर धातूचा गोळा बसवायला सुरुवात केली आणि सत्तरच्या दशकात समोर प्लास्टिकची खोबण दिली. कफ शाबूत असला तर हा सरळ खांदा उत्तम चालतो. फाटलेला असला तर हात उचलताना गोळा वर सरकतो, खोबणीच्या एका कडेवर दाब पडत राहतो, आणि ती काही वर्षांत हलायला लागते. धातू कितीही सुबक घडवला तरी ओढून धरणारे स्नायूच नाहीत, तिथे निसर्गाची हुबेहूब नक्कल कामाची नाही.

यावर फ्रान्समधल्या दिजाँ शहरच्या पॉल ग्रामाँ यांनी 1985 मध्ये जे केलं ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत धीट पाऊल वाटतं. त्यांनी सांधा उलटा केला. गोळा खांद्याच्या फऱ्यावर, वाटी दंडावर. उलटे सांधे त्यांच्याआधीही काहींनी करून पाहिले होते, पण त्यांत फिरण्याचा केंद्रबिंदू बाहेर राहायचा आणि स्क्रू उपटून यायचे. ग्रामाँनी केंद्र आत, थेट हाडाच्या पृष्ठभागाशी आणलं आणि दंड खाली ओढला. त्यामुळे खांद्यावरचा मोठा डेल्टॉइड स्नायू ताणला गेला, त्याची तरफ लांबली, आणि फाटलेल्या कफचं काम तो एकटा करू लागला. ज्यांचा हात छातीपर्यंतही जात नव्हता ते डोक्याशी नेऊ लागले. अमेरिकेत याला परवानगी मिळायला 2003 साल संपत आलं. आज ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीत उलटे खांदे सरळ खांद्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत.

उलट्या खांद्याचं देणं-घेणं घरातल्या कामांत कळतं. वेणी घालता येते, फडताळातला डबा काढता येतो. पण हात पाठीमागे वळवणं बरेचदा तोकडंच राहतं: ब्लाऊजची मागची हुकं, पाठीला साबण, शौचानंतरची स्वच्छता. डावा खांदा बदलायचा असेल तर हे शेवटचं आधीच विचारायला हवं, आणि नेमकं तेच संकोचाने कोणी विचारत नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत हात मागे नेऊन खुर्चीवर रेटा देत उठणं सर्वांत धोक्याचं. उलटा सांधा निखळतो तो बऱ्याचदा याच हालचालीत. सरळ खांद्याचं पथ्य वेगळं. पुढून, डेल्टॉइड आणि छातीच्या स्नायूंमधल्या फटीतून आत शिरताना सर्जन सबस्कॅप्युलॅरिस हा कफचा पुढचा स्नायू सोडवतो आणि शेवटी पुन्हा शिवतो. ती शिवण भरेपर्यंत चार ते सहा आठवडे हात झोळीत. घाईने बाहेर वळवला तर शिवण उसवते आणि चांगला बसवलेला सांधा वाया जातो. गुडघ्याला दुसऱ्या दिवशी चालवतात म्हणून खांद्यालाही तसंच राबवणारे हौशी नातेवाईक असतात. त्यांना आवरावं.

खांदे टिकतात चांगले: नव्वद टक्क्यांच्या आसपास दहा वर्षांपलीकडे जातात. पण प्रत्येक मोडक्या खांद्याला नवा सांधा लागत नाही. ब्रिटनमध्ये 250 रुग्णांवरच्या, 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दंडाच्या माथ्याचं हाड मोडून सरकलेल्यांत ऑपरेशन आणि नुसती झोळी यांत दोन वर्षांनी फरक दिसला नाही. आणि मधुमेहींचा आखडलेला खांदा, जो आपल्याकडे गल्लोगल्ली आहे, तो बहुधा व्यायामाने आणि वेळेने सुटतो. त्याला बदलाची भाषाच लागू नाही.

जंतुसंसर्ग गुडघ्यात शंभरात एखाद्याला होतो, पण ज्याला होतो त्याचं वर्ष जातं. सांधा काढायचा, प्रतिजैविक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा घालायचा, कित्येक आठवडे औषधं, मग पुन्हा ऑपरेशन. खांद्यात शत्रू वेगळाच: मुरमांच्या ग्रंथींत राहणारा, अतिशय संथ वाढणारा जंतू. ताप नाही, पू नाही, नुसतं न जाणारं दुखणं. प्रयोगशाळेत नमुना दोन आठवड्यांपर्यंत ठेवला नाही तर तो सापडतही नाही. रुग्णालयांच्या माहितीपत्रकांत 'लॅमिनार एअरफ्लो' थिएटरचा मोठा डौल असतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये सांधेबदलात संसर्ग टाळण्यासाठी त्यावर विसंबू नये असंच सुचवलं आहे. छेद घेण्याआधी तासाभरात दिलेलं प्रतिजैविक आणि ताब्यातली साखर यांना डौल नाही, उपयोग आहे.

पैशाचं थोडक्यात. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या इम्प्लांटवर कमाल किंमत घातली. सर्वाधिक वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमचा संच सरासरी 1,58,324 रुपयांवरून 54,720 रुपयांवर आला, कर वेगळा. एका आदेशाने लाखभर रुपये खाली! इतका नफा मधल्या हातांत जात होता, हे त्यातून उघड झालं. मर्यादा मात्र इम्प्लांटवर आहे. खोली, थिएटर, तपासण्या आणि रोबोटचं भाडं तिच्या कक्षेत येत नाही. त्यामुळे अंदाजपत्रक घेताना प्रत्येक रकाना स्वतंत्र मागावा.

आणि हिशेब. स्वीडनने 1975 पासून देशातल्या बदललेल्या गुडघ्यांची नोंद ठेवली. ऑस्ट्रेलियाने 1999 मध्ये सुरुवात केली आणि डीप्यू कंपनीचा 'एएसआर' हा धातूवर धातू घासणारा खुबा अपेक्षेपेक्षा लवकर बदलावा लागतोय हे तिथल्या नोंदवहीत दिसलं. 2009 च्या अखेरीस तो तिथून मागे घेतला गेला, 2010 मध्ये जगभरातून. भारतात असे सुमारे 4,700 खुबे बसले होते. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने पोलिसांत तक्रार केली, पुढे केंद्राने समिती नेमली, भरपाईचं सूत्र ठरलं. पण सापडलेले रुग्ण हजाराच्या थोडे वर. बाकीच्यांच्या खुब्यात काय आहे हे त्यांना सांगणारा कागदच कुठे नव्हता. अस्थिशल्यविशारदांच्या संघटनेने 2006 पासून भारतातही सांध्यांची नोंदवही चालवली आहे, पण नोंद करणं ऐच्छिक आहे. ज्याचे निकाल चांगले तो हौसेने नोंदवतो.

इम्प्लांटच्या प्रत्येक खोक्यात छोटी चिकटपत्रं असतात: कंपनी, माप, लॉट क्रमांक. थिएटरातली नर्स ती सोलून केसपेपरवर लावते आणि केसपेपर रुग्णालयात राहतो. घरी सोडताना त्याची छायाप्रत मागता येते, डिस्चार्ज कार्डावर ती चिकटपत्रं लावून मागता येतात. बिलावर सही करण्याआधी मागावीत.